अज्जींचे डोळे आणि माझा फ्लॅश

३१ ऑक्टोबर १९९९, रविवार

आजपासून डायरी. लोक एक जानेवारीला सुरू करतात आणि संक्रांतीच्या आत सोडतात. शिवाय येत्या एक जानेवारीला जगातले कॉम्प्युटर चालतील की नाही, हे माझ्यासारख्यांवर अवलंबून आहे. ऑफिसात दिवसभर परदेशी बँकांच्या प्रोग्रॅममधल्या तारखा नीट करत असतो. तेव्हा सवड आहे तोवर लिहून घ्यावं.

निमित्त असं की माझ्या बायकोचा, स्मिताचा, भाऊ ध्रुव काल अमेरिकेला परत गेला आणि जाताना त्याचा डिजिटल कॅमेरा मला देऊन गेला. स्मिता म्हणते, तुला नाही, आपल्याला. पण मॅन्युअल माझ्या हातात दिलं, त्यात सगळं आलं. रोल नाही, धुवायला टाकणं नाही, प्रिंटची वाट बघणं नाही. अख्ख्या बसवनगुडीत असा कॅमेरा दुसऱ्या कोणाकडे नसणार. चौकशी केलेली नाही, पण नसणार.

संकल्प: मॅन्युअल रोज थोडं थोडं वाचून संपवायचं.

२ नोव्हेंबर

मॅन्युअलचं पहिलं पान वाचलं. कॅमेरा पाण्यात टाकू नये, असं लिहिलंय. ज्यांना हे सांगावं लागतं त्यांच्यासाठी ते पुस्तक आहे. आपण अनुभवातून शिकणार.

संध्याकाळी खाली घरमालकांकडे कॅमेरा दाखवायला गेलो. गुंडूरावांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी बोलतात, पण वाक्यात एक तरी कन्नड शब्द आल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आम्ही पुण्याहून नवीन आलो तेव्हा मला त्यांचं मराठी कळायचं नाही. त्यांना माझं कळायचं, पण आवडायचं नाही. आता गट्टी आहे.

त्यांच्या आई, कमलाअज्जी, झोपाळ्यावर बसल्या होत्या. फोटो काढला. फ्लॅश चमकला मात्र, अज्जींनी डोळे गच्च मिटले, हात जोडले आणि अर्जुन, फाल्गुन, पार्थ, किरीटी असं काहीतरी पुटपुटायला लागल्या. मी घाबरलो. गुंडूराव म्हणाले, काही नाही हो, वीज चमकली की आमच्यात अर्जुनाची नावं घेतात, म्हणजे ती अंगावर येत नाही. आईला लहानपणची सवय. फ्लॅशची वीज वेगळी हे तिला पटतं, डोळ्यांना पटत नाही.

मग अल्बम निघाले. गुंडूरावांची मुंज, लग्न, नातवाचं जावळ. जावळाच्या फोटोत नातू भोकाड पसरून रडतोय आणि शेजारी अज्जी डोळे मिटून अर्जुनाचा धावा करतायत. एकाही फोटोत डोळे उघडे नाहीत.

अज्जी मला म्हणाल्या, वासू, उद्या मी गेले की ह्यांच्या शेजारी भिंतीवर माझाही फोटो लागणार ना रे? तिथे तरी डोळे उघडे हवेत. पतवंडं विचारतील, ही बाई सारखी झोपलेलीच असायची का? सगळे हसले. अज्जीही हसल्या, पण थोड्या कमी. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. फोटोग्राफरची नजर.

पाच डिसेंबरला अज्जींचं सहस्रचंद्रदर्शन आहे. ऐंशी ओलांडल्या म्हणून. छत्र घेतलंय. इथे मंगल कार्यालयाला छत्र म्हणतात. मी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला की त्या दिवशी अज्जींचा टक्क उघड्या डोळ्यांचा फोटो मी काढणार. गुंडूरावांनी कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्या नरसिंहरावाला आधीच सांगून ठेवलं होतं. म्हटलं, नको म्हणून कळवा. गुंडूराव म्हणाले, सरी, बघू या. सरी म्हणजे बरं. म्हणजे ठरलं.

अज्जींनी माझा हात हातात घेऊन दाबला. बाईला फार आशा लागली आहे. बरं झालं मी भेटलो.

६ नोव्हेंबर, शनिवार

वायर जोडून फोटो कॉम्प्युटरवर उतरवले. एकेक फोटो उतरेपर्यंत स्मिताची भाजी चिरून फोडणीलाही पडली.

निकाल बरा नाही. हॉलच्या फोटोत पुढ्यातली पाण्याची बाटली झकास आली आहे. तिच्यामागे अंधार. अमावस्या उद्या आहे, फोटोत आजच आली. कॅमेऱ्यातला फ्लॅश म्हणजे काजवा आहे. छत्रात याचा काय उजेड पडणार?

विचार केला आणि उपाय सापडला. बाहेरचा मोठा फ्लॅश घ्यायचा. त्याचं तोंड छताकडे करायचं. उजेड छतावर आपटून हळूच सगळीकडे पसरेल. अज्जींना वीज दिसणारच नाही, म्हणजे अर्जुन नाही, म्हणजे डोळे उघडे. इतकं सोपं आहे आणि आजवर कोणाला सुचलं नाही.

१३ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी २

फ्लॅश घेतला! मॅजेस्टिकजवळचं दुकान. कॅमेरा मुद्दाम नेला नाही. कॅमेरा बरोबर नेला की दुकानदार आपल्याला नवशिका समजतात. मालक प्रदीपकुमारने विचारलं, कॅमेरा कोणता? म्हटलं, डिजिटल. तो म्हणाला, त्यात रोल कुठून घालतात? त्याला सगळं समजावून सांगितलं. दोन गिऱ्हाइकं निघून गेली, पण तो ऐकत राहिला. मग म्हणाला, फ्लॅश बसवायची खाच आहे ना वरती? मी नुसता हसलो. खाच नसलेला कॅमेरा असतो का कुठे?

दुपारी ४

खाच नाही.

चारी बाजूंनी बघितलं. खाली एक भोक आहे, ते स्टँडचं. स्मिता म्हणाली, नेऊन दाखवला असतास तर? काही बायकांना नेहमी झाल्यावर सुचतं. तिच्या वेणीचं रबर घेऊन फ्लॅश कॅमेऱ्याला बांधला. बसला घट्ट. पण कॅमेऱ्याने बटण दाबल्याचं फ्लॅशला कळायचं कसं? दोघे एकमेकांना बांधलेले, पण बोलत नाहीत. स्मिता म्हणाली, असतात अशी जोडपी.

१५ नोव्हेंबर

ऑफिसातून लवकर निघून दुकान गाठलं. प्रदीपकुमारने कुरकुर न करता बदलून दिला. नवा फ्लॅश भारी आहे. त्याला पुढे एक छोटा लाल डोळा आहे. दुसरा कुठलाही फ्लॅश चमकलेला त्या डोळ्याला दिसला की हाही तत्क्षणी चमकतो. वायर नको, खाच नको. कॅमेऱ्यातला काजवा चमकणार आणि हा त्याला साथ देणार. कुठल्याही कॅमेऱ्याला चालतो, प्रदीपकुमार म्हणाला. डिजिटललाही? म्हणाला, सर, फ्लॅशला काय कळतंय आत रोल आहे की नाही ते. पटलं.

याला स्लेव्ह फ्लॅश म्हणतात, म्हणजे गुलाम. स्मिता म्हणाली, घरात अजून एक. अर्थ विचारला नाही.

१६ नोव्हेंबर

पहिली चाचणी. स्मिताला खुर्चीत बसवलं. फ्लॅश कपाटावर, तोंड छताकडे. बटण दाबलं. काय लख्ख उजेड पडला म्हणून सांगू! खोली दिवाळीसारखी उजळली. समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत आल्या.

फोटो मात्र काळा.

स्मिता म्हणाली, तुझा कॅमेरा दोनदा डोळा मिचकावतो. आधी बारीक, मग मोठा. आणि तुझा गुलाम पहिल्यालाच उडतो. मी म्हटलं, तो भास. उजेडाने डोळे दिपले की एकाचे दोन दिसतात. ती म्हणाली, बरं. तिचं बरं हे गुंडूरावांच्या सरीसारखं वाटतं अलीकडे.

कारण उघड आहे. तिने गडद जांभळी साडी नेसली होती. जांभळा रंग उजेड पितो.

१८ नोव्हेंबर

स्मिताला पिवळ्या ड्रेसमध्ये बसवलं. काळा. म्हणजे सेल हलके आहेत. नवे सेल आणले. काळा. म्हणजे छताला चुना लावून बरेच दिवस झालेत. गुंडूरावांना आडून आडून सुचवलं. ते म्हणाले, युगादीला बघू. युगादी म्हणजे आपला गुढीपाडवा.

रोज संध्याकाळी खाली जाऊन अज्जींवर सराव करतो. त्या हौसेने केस विंचरून, कुंकू ठीकठाक करून बसतात. मी बटण दाबतो, हॉलभर वीज, अज्जींचे डोळे बंद, अर्जुन, फाल्गुन. मग मी अजून एक म्हणतो. परत अर्जुन, फाल्गुन. काल पार्थपर्यंत जाऊन थांबल्या, म्हणाल्या, दमले रे, स्वल्प पाणी दे.

डोळे मिटण्याचं कारण मला कळलं. छत फार खाली आहे. छत्राचं छत उंच आहे. तिथे हा प्रश्न येणार नाही.

२१ नोव्हेंबर, रविवार

यश! दुपारी बाराला खिडकीपाशी स्मिताचा फोटो काढला. स्वच्छ, सुरेख, केस न्‌ केस दिसतोय. मी ओरडलोच. स्मिता म्हणाली, फ्लॅश चमकलाच नाही, त्याचे सेल तू रिमोटमध्ये घातलेस. बघितलं तर खरंच. पण त्याने काय होतं? कॅमेरा, मी आणि हात यांची लय जमली, हे महत्त्वाचं. तंत्र सिद्ध झालं.

२५ नोव्हेंबर

ध्रुवला ऑफिसातून ई-मेल पाठवली होती. त्याचं उत्तर आलं. छापून घेतलं, लांबलचक आहे. अर्धं पान तिथली थंडी, मग गाडीचा इन्शुरन्स, मग फ्लॅश असं दिसतंय. इन्शुरन्सपर्यंत वाचलं. बाकीचं सवडीने.

२८ नोव्हेंबर, रविवार

गुंडूराव वर आले. कॉफी घेतली, खोकले, मग म्हणाले, नरसिंहरावाला पण राहू दे का, स्वल्प सेफ्टी म्हणून? चौकशी केल्यावर कळलं की त्यांनी त्याला नको म्हणून कधी कळवलंच नव्हतं. मला लागलं ते. पण म्हटलं, येऊ दे बिचाऱ्याला. नव्या जमान्याचं काम बघायला मिळेल त्याला.

४ डिसेंबर, शनिवार

तयारी पूर्ण. सेल भरले. गुंडूरावांकडची कपडे वाळत घालायची काठी घेतली. तिच्या टोकाला फ्लॅश बांधला. अज्जींनी नवी साडी नेसून दाखवली आणि म्हणाल्या, वासू, मी ह्या वेळी मनाशी ठरवलंय, डोळे मिटायचे नाहीत. तूही बघ हां. मी म्हटलं, अज्जी, निश्चिंत राहा. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि वर येऊन सेल पुन्हा एकदा मोजले. मग दही-भात खाल्ल्यावर बरं वाटलं.

५ डिसेंबर, रविवार, सकाळी ६

आज.

रात्री ८

सावकाश लिहितो.

छत्राचं छत उंच होतं खरं. पण ते लाकडी निघालं आणि चांगलं काळं कुळकुळीत. उजेड वर गेला तो परत आलाच नाही. म्हणून फ्लॅश छताकडून वळवून थेट अज्जींकडे केला. काठी दोनदा भटजींच्या खांद्यावर पडली. तेव्हा काठी सोडून दिली आणि फ्लॅश डाव्या हातात उंच धरला. उजव्या हातात कॅमेरा.

फ्लॅशचा उत्साह मात्र बघण्यासारखा. माझ्या कॅमेऱ्याला तर तो चमकायचाच, पण नरसिंहराव फोटो काढायचा तेव्हाही चमकायचा. धारवाडच्या आत्याबाई, म्हैसूरचे जावई, ज्याच्या ज्याच्या हातात कॅमेरा होता त्या प्रत्येकाला माझा फ्लॅश साथ देत होता. लाल डोळा भलताच तेज आहे. पहिल्यांदा नरसिंहराव दचकला, वायरिंग तपासायला लागला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानंतर त्याने माझी फार बडदास्त ठेवली. सर, स्वल्प डावीकडे या. सर, हात अजून वर. सर, तिथेच थांबा. मला सारखी चांगली जागा करून देत होता. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला ओळखतो.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो काळे दिसत होते. पडदा लहान असल्यामुळे तसं दिसतं.

अज्जी बिचाऱ्या पहिल्या ओवाळणीपासून अर्जुनाच्या मागे लागल्या होत्या. चकाकलं की डोळे बंद. काल ठरवलेलं आज कुठे राहतंय? नंतर नंतर नावं सुद्धा पुरी होईनात. नुसतं अर्जुन. मग नुसतं अ. शेवटी सगळे जेवायला उठण्याच्या बेतात असताना माझ्या कॅमेऱ्याचे सेल संपले. उजव्या हाताने पिशवीत सेल चाचपडत मी खाली वाकलो. डावा हात वरच राहिला, नरसिंहरावाने हलवू नका म्हटलं होतं. तेवढ्यात अज्जी मोठ्याने म्हणाल्या, किती वेळा हाक मारू रे त्या अर्जुनाला, त्यालाही कंटाळा आला असेल! आणि खो खो हसायला लागल्या. अख्खं छत्र हसलं. मी वाकलेलाच होतो. सेल मिळून वर बघेपर्यंत अज्जी पानावर जाऊन बसल्या होत्या.

तो क्षण हुकला. पण बाकीचे भरपूर आहेत.

६ डिसेंबर

उतरवले. सगळे काळे. एकात पंखा आहे. एकात भटजींचा कान, तोही नीट नाही.

ध्रुवच्या ई-मेलचं उरलेलं अर्धं पान वाचलं. लिहितो की हा कॅमेरा आधी एक बारीक चमक मारून उजेड मोजतो आणि मग खरी चमक मारून फोटो घेतो. दुसऱ्याला बघून चमकणारा फ्लॅश लावलास तर तो पहिल्याच चमकेला उडेल आणि खऱ्या वेळी रिकामा असेल. तेव्हा तसला घेऊ नकोस. खाली स्मिताला नमस्कार.

मला हा संशय सुरुवातीपासून होता. स्मिताशी बोललो पण होतो यावर. तिला विचारलं तर ती ताटं घ्यायला आत गेली.

संकल्प: उद्या सकाळी खाली जाऊन अज्जींना खरं सांगायचं.

७ डिसेंबर

सकाळी ऑफिसची घाई होती.

८ डिसेंबर

मागच्या जिन्याने गेलो. मागच्या जिन्याने आलो. पुढच्या जिन्याला ऊन फार लागतं.

स्मिता म्हणाली की अज्जी रोज विचारतात, वासूचे फोटो आले का? मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. त्या केस विंचरून बसायच्या ते आठवलं आणि ताट अर्धं टाकून उठलो. एका म्हातारीने एक साधी गोष्ट मागितली होती आणि मी तिला पंखा दिला.

९ डिसेंबर

गेलो खाली. पुढच्या जिन्याने. अज्जी झोपाळ्यावर. समोर उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं की अज्जी, एकही फोटो आला नाही, चूक माझी, नरसिंहरावाला नको म्हणा असंही मीच म्हटलं होतं. त्या हाताने बस म्हणाल्या. बसलो. मग त्यांनी मांडीवरचं पाकीट पुढे केलं. नरसिंहराव दुपारीच देऊन गेला होता.

वरचाच फोटो. अज्जी हसतायत. खो खो. डोळे उघडे, चांगले टपोरे, एका बाजूने असा सुंदर उजेड पडलाय की नाकातली चमकीसुद्धा लखलखते आहे. तो उजेड नरसिंहरावाच्या फ्लॅशचा नाही. तो बाजूने आला आहे. माझ्या डाव्या हातातून.

अज्जी म्हणाल्या, रोज रोज येऊन तू इतक्या विजा पाडल्यास की माझी भीतीच मोडली रे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उजेडामुळे नव्हे.

फोटोच्या कडेला एक हात दिसतो, मनगटावर माझं घड्याळ. नरसिंहराव म्हणत होता कापून टाकतो. अज्जींनी नको म्हटलं. भिंतीवर जाईन तेव्हा उजेड कोणी धरला होता तेही दिसू दे, म्हणाल्या.

१२ डिसेंबर, रविवार

शांतपणे विचार केला. फोटोग्राफी म्हणजे उजेड. उजेड माझा. म्हणजे फोटो तत्त्वतः माझाच आहे, नरसिंहरावाने फक्त बटण दाबलं. स्मिताला हे समजावलं. ती म्हणाली, बरं.

१८ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळी ५

नरसिंहराव स्वतः जिना चढून वर आला! मला अपेक्षित होतंच. त्याला खुर्ची दिली, डिजिटल कॅमेरा हातात दिला, पुढच्या काही वर्षांत रोल कसा इतिहासजमा होणार ते सांगितलं. त्याने कॉफी घेत सगळं ऐकलं. मग म्हणाला, उद्या हेब्बाळला एक बारसं आहे, मोठी पार्टी आहे, पण हॉल अंधारा. सर, तुम्ही आलात तर फोटोंना शोभा येईल. मी म्हटलं, कॅलेंडर बघून सांगतो. स्मिता आतून म्हणाली, तो मोकळा आहे.

तर पहिलं व्यावसायिक काम! कॅमेरा पुसला. सेल भरायला लावले. इस्त्रीचा शर्ट काढला. ध्रुवला कळवायला हवं. बाळाचे डोळे हा माझा खास विषय होऊ शकतो.

संध्याकाळी ७

नरसिंहरावाने गुंडूरावांकडे फोन करून निरोप ठेवला. गुंडूराव तो पाठ करून वर आले आणि म्हणून दाखवला. सकाळी लवकर स्कूटरवर घ्यायला येतो. फ्लॅश आठवणीने. जेवण तिथेच. कॅमेरा आणू नका, उगाच एक हात अडकतो.

कॅमेऱ्यासाठी भरलेले सेल फ्लॅशमध्ये घातले. संकल्प: उद्या हात हलू द्यायचा नाही.